तीन बंदरं, सहा माणसं आणि बाबांचं एचएमटी घड्याळ

प्रकरण असं. जून २०२५ चा शेवटचा आठवडा, मायामीहून निघून मायामीलाच परतणारी सहा रात्रींची क्रूझ. वाटेत तीन बंदरं: जमेकातलं ओचो रिओस, ग्रँड केमनचं जॉर्ज टाउन आणि मेक्सिकोचं कोझुमेल. माणसं सहा. सांगलीहून आलेले आई-बाबा, वय ६७ आणि ७२. मी आणि नवरा. मुलगा ११ वर्षांचा, मुलगी ६. आम्ही न्यू जर्सीत राहतो. आईच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दुसरा रांगेत आहे. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, म्हणजे कुठेही गेलं तरी ‘इथे पाणी कुठून येतं’ हा पहिला प्रश्न.

क्रूझचं तिकीट काढायला अर्धा तास लागला. त्यानंतरचे तीन आठवडे गेले ते बंदरावर उतरून काय करायचं हे ठरवण्यात. जहाज कंपनीच्या यादीत एकेका बंदराला पन्नासच्या वर सहली होत्या आणि प्रत्येकीच्या वर्णनात ‘अविस्मरणीय’ हा शब्द होता. तिन्ही बंदरांत सहाही जणांसाठी एकेक मध्यम भावाची सहल घेतली असती तर सोळाशे डॉलरच्या आसपास जात होते.

मी प्रत्येकाला हवं ते सांगायला सांगितलं, ही पहिली चूक. मुलाला डॉल्फिनबरोबर पोहायचं होतं. मुलीला ‘खरे मासे’. नवऱ्याला वाळू, सावली आणि थंड बिअर. बाबांना चिचेन इत्झा, म्हणजे मेक्सिकोतले माया लोकांचे अवशेष. आई म्हणाली, “मला कुठेही चालेल, पायऱ्या तेवढ्या नकोत.” डॉल्फिन मीच कापला. टाकीत कोंडलेला डॉल्फिन फ्लोरिडातही दिसतो, त्यासाठी कॅरिबियन ओलांडायची गरज नाही. मुलगा दोन दिवस बोलला नाही.

चिचेन इत्झाचं प्रकरण एवढ्यावर मिटणारं नव्हतं. २००७ साली त्याचं नाव नव्या सात आश्चर्यांत आलं तेव्हापासून बाबांच्या डोक्यात ते आहे. पण कोझुमेल हे बेट आहे. तिथून प्लाया देल कार्मेनला फेरीने पाऊण तास, पुढे अडीच तास रस्ता, आणि परतीला तेवढंच. बाबांना कागदावर बेरीज करून दाखवली. “मग लोक जातात कसे?” जमिनीवरून जातात. कॅन्कूनला किंवा मेरिदाला मुक्काम करून. शिवाय तिथल्या मोठ्या पिरॅमिडवर २००६ पासून चढूही देत नाहीत. बाबांनी कागद घडी करून खिशात ठेवला. मान्य आहे असं काही ते म्हणाले नाहीत.

या बेरजेतूनच पुढची पद्धत सापडली. जहाजाच्या पत्रकावर ‘बंदरात ८ ते ४’ असं छापलेलं असतं आणि आपल्याला वाटतं, आठ तास मिळाले. जहाज आठला धक्क्याला लागतं. बंदराच्या अधिकाऱ्यांची परवानगी मिळून माणसं उतरेपर्यंत साडेआठ होतात. परत चढायची शेवटची वेळ सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते. त्याआधी आपला स्वतःचा तासभर राखीव. उरले साडेपाच. मग मी एक्सेलमध्ये प्रत्येक सहलीपुढे दोनच रकाने केले: रस्त्यात किती वेळ, जागेवर किती वेळ. जागेवरचा वेळ रस्त्यातल्या वेळेपेक्षा कमी भरला की ती सहल बाद. यादीतल्या निम्म्या सहली इथेच गळाल्या. ज्यांच्या वर्णनात ‘वाटेत खरेदीसाठी थांबा’ असं होतं त्यांचा तो थांबा मी सरळ रस्त्यात धरला. सहा माणसांनी तीस मिनिटं दागिन्यांच्या दुकानात उभं राहणं याला दुसरं काय म्हणायचं?

दुसरा निर्णय नवऱ्याचा, आणि तो जास्त शहाणपणाचा होता. सगळ्यांनी सगळं एकत्र करायचं नाही. आपल्याकडे एकत्र निघालं की एकत्रच फिरायचं असतं, नाहीतर कुणाला तरी वाईट वाटतं. पण गुडघेदुखीचा माणूस आणि ११ वर्षांचा मुलगा यांना एकच सहल आवडेल हे कसं शक्य आहे? बंदराला बंदर वेगळ्या जोड्या पाडायच्या आणि जेवायला जहाजावर भेटायचं, असं ठरलं.

कागदपत्रांचं एका ओळीत: आई-बाबांचा अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा होता म्हणूनच हे शक्य झालं. जहाज अमेरिकेबाहेर जातं, त्यामुळे मायामीला परतणं ही नवी एंट्री धरतात. वैध अमेरिकी व्हिसा असला की मेक्सिकोचा वेगळा काढावा लागत नाही.

ओचो रिओस

इथली सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट म्हणजे डन्स रिव्हरचा धबधबा. साधारण १८० मीटर लांबीच्या दगडी पायऱ्या-पायऱ्यांवरून पाणी उतरत येतं आणि थेट समुद्राच्या वाळूत जाऊन मिळतं. लोक खालून वर चढतात, वाटाड्यामागे एकमेकांचे हात धरून. बाजूला कोरड्या पायऱ्या आहेत आणि मधेमधे बघायला कठडे. धक्क्यापासून अंतर किरकोळ, म्हणजे आमच्या दोन रकान्यांत ही सहल पहिल्या नंबरने पास.

रेगे गायक बॉब मार्लेचं जन्मगाव नाइन माइल याच परगण्यात, सेंट ॲनमध्ये आहे. नवऱ्याला तिथे जायचं होतं. पण तो डोंगरातला वळणावळणाचा रस्ता आहे, आणि आईला आंबा घाटातसुद्धा उलट्या होतात. बाद.

जवळच्या जवळच फिरायचं असल्याने आम्ही जहाजाची सहल घेतली नाही. आधीच ईमेलवर बोलून एक स्थानिक चालक ठरवला. भाव माणशी न ठरवता गाडीचा ठरवला, चार तासांचा, आणि पैसे परत सोडल्यावर द्यायचे. तिथे परवानाधारक प्रवासी गाड्यांच्या नंबरप्लेट लाल असतात. लाल पाटी नसेल तर बसायचं नाही, एवढं पक्कं होतं. धक्क्याच्या फाटकाबाहेर पडताच वीस जण ‘टॅक्सी, टॅक्सी’ करत अंगावर येतात, तेव्हा आपलं नाव लिहिलेला कागद धरून उभा असलेला माणूस फार बरा वाटतो.

नवरा आणि मुलगा धबधब्याशी उतरले. आम्ही चौघं पुढे फर्न गलीला गेलो. सुमारे तीन मैलांचा रस्ता, दोन्ही बाजूंनी नेचे आणि वर झाडांचं छत. खाली पाहिलं तर तो मुळात एका ओढ्याचा मार्ग, त्यावर डांबर. बाबांनी गाडी थांबवायला लावली. “पावसाळ्यात पाणी आपली वाट सोडणार आहे होय?” चालक हसला. जोराचा पाऊस झाला की रस्ता बंदच करतात म्हणाला. पुढची दहा मिनिटं बाबा रस्त्याकडेला उभं राहून दोन्ही कडांचा उतार बघत होते. याचं तिकीट शून्य डॉलर.

मग पोटपूजा. आई शाकाहारी आहे. चालकाने आणून दिलेली पॅटी तिने उघडून पाहिली आणि म्हणाली, “अगं, हा तर माठ आहे.” खरंच माठ. जमेकात कॅलालू म्हणतात ती पालेभाजी आपल्या माठाच्याच कुळातली, कांदा-लसणावर परतलेली. फक्त त्यात खारवलेला मासा घालायची पद्धत आहे, तो नको असं आधी सांगावं लागतं. या बेटावर पहिले भारतीय मजूर १० मे १८४५ रोजी जहाजातून उतरले, पुढची सत्तरेक वर्षं येत राहिले, आणि करी, रोटी, गांजा हे शब्द-पदार्थ तिथे रुजले. ऊस कुरतडणाऱ्या उंदरांसाठी १८७२ मध्ये कलकत्त्याहून मुंगूससुद्धा आणले. बसमध्ये गाइड हे सगळं सांगतोच, पण हातात माठाची पॅटी असताना ऐकलं की वेगळं वाटतं.

शेजारी आंब्याची गाडी होती. एका जातीचं नाव ‘बॉम्बे’. आईने दोन घेतले. तिथे तो आंबा मधोमध गोल चिरून झाकण फिरवल्यासारखा पिळतात, कोय एका अर्ध्यात राहते. “हापूस नव्हे,” आईने निकाल दिला, “पण पायरीच्या घरात जातो.” फळं जहाजावर नेता येत नाहीत म्हणून आम्ही तिथेच, कोपरापर्यंत ओघळ येईतो खात बसलो.

आणि इथे घोळ झाला. नवऱ्याशी दीड वाजता धबधब्याच्या फाटकावर भेटायचं ठरलं होतं. माझ्या फोनवर बारा पस्तीस झाले होते. बाबा मनगटाकडे बघून म्हणाले, “दीड वाजून गेला की गं.” बाबांच्या हातात अजून एचएमटी असतं, रोज सकाळी किल्ली द्यायचं. मी म्हटलं, “बाबा, तुमचं घड्याळ पुढे गेलंय.” चालक गर्रकन वळला. “शिप टाइम?” त्याने डॅशबोर्डवर चिकटवलेलं छोटं घड्याळ दाखवलं. एक पस्तीस.

जमेका उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. मायामी करते. म्हणजे जूनमध्ये जमेका मायामीच्या एक तास मागे असते. केमन आणि कोझुमेलचंही तेच, हिवाळ्यात मात्र तिन्हीकडे मायामीचीच वेळ. आमच्या जहाजाने आपलं घड्याळ मायामीवरच ठेवलं होतं. आदल्या रात्री तसं भोंग्यावर सांगितलं होतं, तेव्हा मी मुलीचे केस विंचरत होते. माझ्या फोनने उतरल्या उतरल्या स्थानिक टॉवर पकडला आणि मुकाट्याने तासभर मागे गेला. काही जहाजं स्थानिक वेळ धरतात, काही धरत नाहीत, त्यामुळे याला ठरलेलं उत्तर नाही. बाबांच्या घड्याळाला टॉवर पकडता येत नाही, म्हणून ते एकटं बरोबर होतं.

नवरा आणि मुलगा ओल्या कपड्यांत फाटकाशी ताटकळत होते. अबोला झाला, पण जहाजाची शेवटची वेळ साडेतीन होती आणि धक्का जवळच होता. नाइन माइलला गेलो असतो तर? हा प्रश्न मी रात्री केबिनमध्ये मनातल्या मनात सोडवला आणि त्यानंतर झोप लागायला वेळ लागला. जहाजाच्या स्वतःच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं किंवा पुढच्या बंदरापर्यंत पोहोचवण्याची सोय करतं. आपण आपले गेलो तर ते कुणासाठी थांबत नाही, आणि पुढच्या बंदरापर्यंतचा विमानखर्च आपला. अंतर कमी ठेवण्याचा खरा फायदा मला तोपर्यंत कळला नव्हता. मी फक्त ‘जागेवर किती वेळ’ एवढंच बघत होते.

(जाणाऱ्यांसाठी: ऑक्टोबर २०२५ मधल्या मेलिसा वादळाने जमेकाच्या पश्चिम भागाची फार हानी केली. तिथे काय चालू आहे, काय बंद, हे ताजं विचारूनच ठरवा.)

जॉर्ज टाउन

केमनला क्रूझच्या जहाजांसाठी धक्काच नाही. आम्ही जायच्या दोनच महिने आधी, एप्रिल २०२५ च्या सार्वमतात, तिथल्या लोकांनी तो बांधायला नकार दिला होता. जहाज खोल पाण्यात उभं राहतं आणि टेंडर नावाच्या बोटींतून माणसं किनाऱ्यावर नेतात. समुद्र खवळला असेल तर बंदर रद्द. यावरून दोन गोष्टी ठरतात. बाहेरची सहल घेतली तर ‘जहाजाने माणसं उतरवली नाहीत तर पैसे परत’ हे लेखी हवं. आणि सकाळची पहिली वेळ घ्यायची नाही, कारण टेंडरमध्ये जहाजाच्या सहलीवाल्यांना आधी सोडतात. आम्ही साडेदहाची बोट घेतली. बंदरात त्या दिवशी किती जहाजं येणार याचं वेळापत्रक आधी बघता येतं. चार होती. म्हणजे गर्दी ठरलेली.

आईला टेंडरची धास्ती होती. हलत्या बोटीत पाऊल टाकायचं. दोन खलाशांनी दोन दंड धरले, लाट वर आली त्या क्षणी ‘नाउ’ म्हणाले, आणि आई आत. “गेटवेच्या लाँचपेक्षा सोपं आहे,” तिने खाली बसल्यावर जाहीर केलं.

तिथे आम्हाला करायची होती एकच गोष्ट, स्टिंगरे सिटी. नॉर्थ साउंडच्या उथळ पाण्यातला वाळूचा बांध. पूर्वी कोळी शांत पाण्यात येऊन मासे साफ करायचे, टाकलेल्या आतड्यांसाठी स्टिंगरे जमायचे. मासे शिकले, मग माणसं शिकली. स्टिंगरे म्हणजे आपलं पाकट. नवरा मालवणचा. पहिलं पाकट पायाला घासून गेलं तेव्हा तो म्हणाला, “याचं कालवण खाल्लंय मी,” आणि मुलीने भोकाड पसरलं.

पाणी कमरेपर्यंत. पाय उचलायचे नाहीत, वाळूत घासत चालायचं, म्हणजे चुकून अंगावर पाय पडत नाही. शेपटीला हात लावायचा नाही. मुलगी पाच मिनिटं माझ्या कडेवर चिकटून होती, सहाव्या मिनिटाला खाली उतरली, आणि नंतर तिला बाहेर काढायला बिस्किटाचं आमिष दाखवावं लागलं. वाटाडे पाकटाचा मुका घ्यायला लावतात, सात वर्षं भाग्य म्हणे. मुलाने घेतला. डॉल्फिनचा राग तिथे संपला. आई-बाबा बोटीतच बसून पारदर्शक पाण्यातून सगळं बघत होते, उतरायची गरजच नव्हती.

हे निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. मुळात रात्री चरणारा हा मासा इथे खाऊ मिळतो म्हणून दिवसा वावरायला लागलाय, अभ्यासकांनीच ते दाखवलंय. डॉल्फिनला नाही म्हणून पाकटाला हो म्हणण्यात थोडा ढोंगीपणा आहे. पाकट आपणहून येतं आणि हवं तेव्हा निघून जातं, एवढंच समर्थन माझ्याकडे आहे.

हीच सहल कासवांचं केंद्र आणि ‘हेल’ जोडून पाच तासांचीही मिळत होती. हेल म्हणजे काळ्या चुनखडीचे सुळके आणि शेजारी एक पोस्ट ऑफिस, जिथून नरकाच्या शिक्क्याचं पत्र पाठवता येतं. जोडसहलीत जागा वाढतात आणि प्रत्येक जागेवरचा वेळ घटतो, म्हणून नको म्हटलं. परतीला आइस्क्रीम घेतलं तेव्हा पाटीवरचा आकडा स्वस्त वाटला. तो केमन डॉलरमध्ये होता. एक केमन डॉलर म्हणजे अमेरिकी १.२०, आणि दुकानात हिशेब त्याहून जरा वरच लागतो.

कोझुमेल

इथे माझे दोन रकाने हरले.

चिचेन इत्झा गेलं, पण बाबांना माया लोकांचं काहीतरी बघायचंच होतं. बेटावरच सान गेर्वासियो आहे, इश्चेल देवीचं जुनं तीर्थस्थान, टॅक्सीने जवळ. दोन रकान्यांप्रमाणे तेच योग्य. पण बाबांनी तुलूमचे फोटो पाहिले होते, समुद्रावरच्या कड्यावर उभं देऊळ, आणि ते ऐकेनात. तुलूमला फेरी लागते, वर तासाभराचा रस्ता. फेरी आली की ती जहाजाचीच सहल घ्यायची, हे ओचो रिओसनंतर कुणी सांगायची गरज नव्हती. मी आणि बाबा, माणशी १४० डॉलर.

नवरा, आई आणि मुलं टॅक्सीने दहा मिनिटांवरच्या चांकानाब उद्यानात गेली. माडांची सावली, पाळण्यासारख्या झोळ्या, पायऱ्या उतरताच प्रवाळ आणि मासे. तिथेही डॉल्फिनची टाकी आहे, मुलाने ढुंकून पाहिलं नाही असं ऐकलं. चौघांचं मिळून आमच्या निम्म्याहून कमी खर्चात झालं आणि चार तास पूर्ण पाण्यात.

आमचं काय झालं? बाहेर सव्वासात तास. फेरी डुचमळली, समोरच्या बाईला ओकारी झाली. बसमध्ये टोप्या विकायचा कार्यक्रम झाला. तुलूमला उन्हाचा कडाका, सावली जवळजवळ नाही. फोटोतला निळा किनारा तपकिरी होता, कारण उन्हाळ्यात त्या पूर्व किनाऱ्यावर सरगॅसम शेवाळाचे ढीग येऊन पडतात आणि कुजतात. कोझुमेलच्या पश्चिम बाजूला ते फारसं पोहोचत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. प्रत्यक्ष अवशेषांमध्ये मिळालेला वेळ एक तास पस्तीस मिनिटं.

त्यातली वीस मिनिटं बाबा एकाच जागी होते. एका लहान दगडी घराखाली सेनोते आहे, म्हणजे चुनखडी खचून तयार झालेला पाण्याचा डोह. उत्तर युकातानमध्ये जमिनीवर नद्याच नाहीत. पाऊस चुनखडीतून झिरपतो आणि सगळं पाणी भुयारातून वाहतं. गाइड पुढे निघून गेला, गट निघून गेला. बाबा वाकून आत बघत होते. “नदी नाही, ओढा नाही,” ते म्हणाले, “आणि यांनी तटबंदीचं गाव वसवलं. आमच्याकडे नदी असून टँकर लागतो.” मग खिशातून एक कागद काढून त्याच्या पाठीमागे काहीतरी काढायला लागले. चिचेन इत्झाच्या बेरजेचा तो माझाच कागद होता.

शेवटच्या दिवशी जहाज समुद्रातच होतं. मी डेकवर लॅपटॉप उघडून रकाने भरले. जागेवरच्या दर तासाला पडलेला खर्च काढला तर फर्न गली जवळजवळ फुकट, पाकटं रास्त, चांकानाब चांगलं, आणि तुलूम बाकी सगळ्यांपेक्षा कितीतरी महाग. पुन्हा ठरवायचं झालं तर मी सान गेर्वासियोच निवडेन आणि बाबांना तुलूमला जमिनीवरून नेईन, मुक्काम करून. ते त्यांना सांगितलं.

बाबांनी चष्मा वर करून तक्ता वाचला. “फेरीतला वेळ तू रस्त्यात धरलायस,” ते म्हणाले. “मी तेव्हा समुद्राचा रंग बघत होतो. काठाजवळ वेगळा, मधे वेगळा. तो जागेवर धर.” मी धरला. तरी तुलूम शेवटच्याच नंबरवर राहिलं. बाबांची काही हरकत नव्हती. त्यांनी एचएमटीला किल्ली दिली आणि भोंग्यावरची घोषणा नीट ऐकायला मला गप्प बसायला सांगितलं.